अर्धा विजेचा, अर्धा संगणकाचा

ती कॉलेजात वीज शिकवायची, नवरा संगणक. तारेतला बिघाड दिवे जाण्याआधीच ओळखणारी युक्ती दोघांनी मिळून शोधली आणि शोधनिबंधही अर्धा अर्धा लिहिला. तो छापून आला तरच तिची बढती होणार होती.

परीक्षकांचे शेरे आले तेव्हा ती भांडी विसळत होती. नवरा मोठ्यानं वाचू लागला. पहिला परीक्षक विजेच्या विषयातला. "संगणकाचा भाग अप्रतिम. विजेचा मात्र पोरकट." नवऱ्याची कॉलर ताठ झाली. "आता मी काय बोलू!"

"काही बोलू नकोस. दुसरा वाच."

दुसरा संगणकातला. "विजेचा भाग विद्वत्तापूर्ण. संगणकाचा..." नवरा वाचता वाचता अडखळला.

"वाच की!"

"...पहिल्या वर्षाच्या पोरानं लिहिल्यासारखा. निबंध सुधारून पाठवावा."

तिनं हात पुसले. "माझा भाग वाचून तू तर उत्तम म्हणाला होतास."

"आणि माझा वाचून तू झकास!"

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"खरं सांग, कळला होता?"

"आकृत्या छान होत्या," तो हळूच म्हणाला. "तुला माझा?"

"समास अगदी सरळ सोडले होतेस."

मग हसू काही आवरेना. तिनं खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला चिकटवली. "चल, पहिल्या ओळीपासून समजावून सांग. आणि हे बघ, मी मान डोलवायला लागले की तिथंच थांब. तेव्हा मला काहीएक कळलेलं नसतं."