हळदीनं भूक मरते

हळद शिजवायच्या दिवशी कामाच्या बायांना दुपारची भाकर मालकानं द्यायची, ही साखरा गावची जुनी रीत. २००७ साली हळदीचे मालक सोनाजीरावांनी कढईपाशी खाट टाकली, स्वतःच्या ढेरीवर पेपर टेकवला आणि मोठ्यानं वाचलं, "हळदीनं चरबी झडते, भूक मरते." मग चष्मा काढून म्हणाले, "तुमी तर दिवसभर हळदीच्या वाफेत राहता. तुमाला भाकर काहून पायजे?"

दुपारी घरून मालकाचा चार पुडांचा डबा आला. कढईखाली जाळ घालणाऱ्या मनकर्णानं तो उघडून बायांत वाटून टाकला आणि रिकाम्या झाकणात एक वाफाळतं हळकुंड घालून मालकापुढं सरकवलं.

"चरबी तर तुमची हाय, मालक. हळद तुमी खा, भाकर आमी खातो."