दारातून पाहिलेला खेळ

‘फाइल सापडत नाही’ असं पाचव्यांदा स्क्रीनवर उमटलं, तसा रोशन वैतागला. “जाऊ दे ताई, फेक ते. दोन दिवसांपासून हेच सांगून राह्यलं.”

ममताने फेकलं नाही. पांढरकवड्यात ती पोरांना संगणक शिकवते. अर्धवट सोडणं तिला जमत नाही. तळहातावर मावेल एवढा तो संगणक भावाने, रोशनने, हौसेने जुळवला होता. त्यातलं सॉफ्टवेअर व्हिडिओ गेम पार्लरमधल्या, नाणं टाकून चालणाऱ्या जुन्या मशीनचं सोंग घ्यायचं. पण सॉफ्टवेअर बारा वर्षांपूर्वीचं आणि खेळाची फाइल नवी. दोघांचं पटणार कसं? तिने शोधशोधून त्याच वर्षाची फाइल मिळवली. जॉयस्टिक उलटी चालत होती, ती सुलट केली. दुपारी साडेतीनला स्क्रीनवर निळं आभाळ आलं, विमान आलं, आणि तीच जुनी टिंगटिंग सुरू झाली.

रोशनने टाळी वाजवली. त्याचा शाळेतला दोस्त रजत खास यासाठी राळेगावहून आला होता.

“बसस्टँडमागचं पार्लर आठवते का बे? शाळा सुटली का तिथंच!”

“ताई बी राहे ना तिथं,” रजत म्हणाला.

असायची. आई रोज तिला भावाला घरी आणायला धाडायची. पार्लरवाला आत येऊ द्यायचा नाही, ‘पोरीचं काय काम इथं’ म्हणायचा. मग ती दाराचा पडदा धरून उभी राहायची, रोशनचा डाव संपेपर्यंत. तो संपला की त्याचा अजून एक असायचा. कोणत्या पुलामागून तोफ निघते, विमान कुठे खाली घ्यायचं, सगळं तिला पाठ झालं होतं.

“पहिला डाव तुहा,” रोशनने खुर्ची सरकवली. “तूच चालू केलं.”

ममता बसली. तोफ कुठून येणार हे तिला ठाऊक होतं. हात भलतीकडेच गेला. एका डावात मिळणारी तिन्ही विमानं मिनिटभरात जळाली.

“काहून वो ताई, सारं इसरली काय?” रोशन हसला. रजतही हसला.

“इसरली नाही. मी कधी खेळलीच नाही.”

रजत तोवर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा होता. ती उठली, तो बसला. रोशन त्याच्या खांद्यावर हात टाकून स्क्रीनकडे वाकला.

“नाणं कसं टाकाचं वो यात?” रजतने वळून न बघता विचारलं.

“कीबोर्डवरचं पाचचं बटन दाब,” ममता म्हणाली. “मग एकचं.”