मंगळवारचं जाळं

मंगळवारी एल्मिना बंदराचा एकही कोळी मासेमारीला जात नाही. तो दिवस दर्याचा. युनिव्हर्सिटीच्या मॅडमना म्हणूनच मंगळवार हवा होता. पाण्यात जाळी नसली की होडीमागून ओढायचं त्यांचं यंत्र कुठे अडकत नाही. तीनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजाच्या तोफा शोधायच्या होत्या. मासे मारायचे नाहीत म्हटल्यावर म्हातारा बोटवे होडी चालवायला कसाबसा तयार झाला.

दुपारी यंत्राच्या पडद्यावर तळाची एक लांबट सावली उमटली. मॅडम पुढे झुकल्या आणि लगेच हिरमुसल्या.

"छे! ही तर साधी होडी. मागे इंजिनसुद्धा आहे. आणि भोवती हे जाळं दिसतंय. आपल्या कामाचं नाही."

"इंजिन?"

"हो ना. आठदहा वर्षांपूर्वीची असेल. तुमच्यातलं कुणी बुडालं होतं का, काका?"

"नाही," बोटवे म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी त्याचा धाकटा भाऊ बाडू होडीसकट नाहीसा झाला होता. मंगळवारी दर्यात कोण मरायला जातंय? पोरगा इंजिन घेऊन परदेशात, आबिजानला पळाला, असं बोटवेनेच गावाला सांगितलं. कुणी शोधलंही नाही. बाडूची बायको अराबा अजून मासळीबाजारात 'पळपुट्याची बायको' म्हणून मान खाली घालून बसते.

त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी तो बाडूवर काय ओरडला होता, ते मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"माझं जाळं दर्यात सोडून आलास? ते आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."