त्याच नावाचा

"परवानगी नाकारली," निमिषनं पडद्यावरचं इंग्रजी वाचून सांगितलं.

सांगलीतल्या हळदीच्या पेढीत भरदुपारी सगळे सर्व्हरभोवती उभे होते. पेढीचे कॉम्प्युटर देवदत्त बघायचा. चार महिन्यांपूर्वी तो अपघातात गेल्यावर मालकांनी, म्हणजे तात्यांनी, त्याचं लॉगिन काढायला लावलं. आता हिशेबाच्या वेळी त्याचं फोल्डर कुणालाच उघडेना. वर्षाचे सगळे सौदे त्यातच.

"काढलं तर काढलं. त्याच नावानं परत घाल की गड्या," तात्या म्हणाले.

कॉम्प्युटर दुरुस्तीला साताऱ्याहून आलेल्या निमिषनं नवं लॉगिन केलं. देवदत्त. अक्षर न् अक्षर तेच.

टायपिंगच्या टेबलाशी चारुशीलाचे हात थांबले. देवदत्त तिचा धाकटा दीर. उद्या तिच्या तीन महिन्यांच्या बाळाचं बारसं होतं, आणि नाव देवदत्तच ठेवायचं ठरलं होतं. ठरवलं होतं सासूबाईंनी. त्या बाळाला देवदत्तची लहानपणची झबली घालायच्या आणि कानाशी लागून विचारायच्या, "कुठं हुतास रं देवा इतके दिस?" चारुशीला दाराआडून ऐकायची. बाळ हसायचं. त्या हसण्याचंच तिला भय वाटायचं.

पडद्यावर पुन्हा तेच. परवानगी नाकारली.

"असं कसं? नाव तर तेच आहे," ती म्हणाली.

"नाव आपल्यासाठी, वहिनी. सर्व्हर आतून प्रत्येकाला नंबर देतो. तो पुसला की पुसला. हा नवा माणूस आहे. जुन्याचं ह्याला कसं मिळेल?"

"मग तुझा तो अॅडमिनिस्ट्रेटर कशाला पोसलाय?" तात्या खेकसले.

"त्या मुख्य लॉगिनलाही नाहीच म्हणतंय. वर विचारतंय, फोल्डरची मालकी तुमच्याकडं घेता का? घेतली तर उघडेल. पण एकदा घेतली की देवदत्तला परत देता येत नाही."

निमिषचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"दाबा," चारुशीला म्हणाली. "परत द्यायला आहे कोण?"

फोल्डर उघडलं. आत हळदीचे सौदे होते. दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळणा म्हणून झाला. आत्या मयूरी नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली. चारुशीलानं तिचा खांदा धरला.

"वन्सं, थांबा." मग ती सासूबाईंकडं वळली. "आई, हे देवाभावजी नव्हेत. नाव ठेवलं तरी व्हायचे नाहीत. ते गेले."

नवऱ्यानं मान खाली घातली. सासूबाई उठल्या. पाळण्यातून बाळ उचलून त्या खिडकीशी गेल्या आणि उजेडात त्याचं तोंड निरखू लागल्या.

"आगं," त्या म्हणाल्या, "ह्याचं नाक तर तुझ्यावानी हाय."