रिकामी दोरी

गावानं वर्गणी काढून राजेश्वरीला स्पर्धेसाठी दोन टोकांना चाकं असलेलं कंपाऊंड धनुष्य घेऊन दिलं. सोमवारी नगरला तिची निवड चाचणी होती, तरी सरपंच सहादेवआप्पांनी आदल्या दिवशी तिला मक्यात रानडुकरं मारायला नेलं. गावाचं धनुष्य गावाच्या कामी नको का!

डुकरं आलीच नाहीत. मग आप्पांनी धनुष्य मागून घेतलं आणि फोटोसाठी ताणलं.

"आप्पा, बाण न्हाई लावला, दोरी सोडू नका. मोडंल ते!"

"मला शिकवती व्हय गं? तुझ्या जल्माआधीपास्नं गोफण फिरवतोय."

दोरी सुटली. धनुष्य चिरलं, त्याचं चाक उडून मक्यात पडलं. राजेश्वरी मक्यात शिरून चाक शोधू लागली.

&nbsp;

सोमवारी ती खुरपायला निघाली, तेव्हा वेशीत फ्लेक्स लागला होता : 'कु. राजेश्वरीस निवडीसाठी शुभेच्छा', आणि खाली धनुष्य ताणलेले आप्पा.