पाय लागला

"आता थांबा," फोनमधून लेकीचा आवाज आला. "खाली दगडात अक्षरं कोरलीत. त्यांच्यावर पाय पडला की नापास होतात म्हणे."

समुद्रकाठच्या त्या जुन्या, परदेशी विद्यापीठाच्या गावात आईबाबा दोघंच फिरत होते. लेकीचा आज पेपर होता, म्हणून तिने सगळी वाट आधीच फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवली होती.

आईचा पाय नेमका अक्षरांवरच होता. तिने चटकन वाकून दगडाला हात लावला आणि कपाळाला नेला.

"अगं, लोक बघतायत," बाबा पुटपुटले.

"बघू देत. पेपर आपल्या पोरीचा आहे."

फोन बोलतच होता. "आई, पाय लागला असला तर नमस्कारही झाला असेल तुझा. पहिल्या दिवशी मीही केला, तेव्हा सगळे हसले. आता पेपरला जाताना अख्खा वर्ग इथे वाकतो."

"धर जरा," म्हणत बाबांनी फोन आईकडे दिला आणि तेही वाकले.