घरी आलेली पेटी

संसदेच्या निवडणुकीत आजारी मतदारांकडे आम्ही निवडणूक कर्मचारी मतपेटी घरी घेऊन जातो. सोबत गावातल्या दोन्ही पक्षांचा एकेक माणूस लागतोच. यंदा ते होते मेदेर आणि ओरोज. सख्खे भाऊ, पण गेल्या निवडणुकीपासून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. यादीत पहिलंच नाव त्यांच्या आईचं, उम्सुनाय आजींचं.

आजी दारातच उभ्या होत्या.

"आजी, काल तर तुम्ही ओढ्यावरून पाणी आणलंत. मग आजारपणाचा अर्ज कशाला केलात?" मी विचारलं.

"काल बरी होते," त्या म्हणाल्या.

मतपत्रिका त्यांनी न वाचताच घडी करून पेटीत टाकली आणि ताजी रोटी पुढे केली. रोटीचा तुकडा तोडल्याशिवाय किर्गिझ घरातून कोणी बाहेर पडत नाही. दोघांनी खाली मान घालून एकाच रोटीचे तुकडे तोडले. ते चावून होईपर्यंत आजी बघत राहिल्या.

मग दोघे अंतर ठेवून गाडीकडे चालू लागले. मी पेटी उचलली.

"पुढची निवडणूक कधी गं?"

"पाच वर्षांनी."

उरलेली रोटी फडक्यात गुंडाळत आजी म्हणाल्या, "जरा लवकर नाही का होत?"